मृगाआधी वायपर

आमच्या उमापूरकडे पाऊस मोजका. त्यामुळे मोटारीचा वायपर वर्षातले आठ महिने निजून असतो आणि नेमका पावसात दगा देतो. गेल्या जूनमध्ये रात्री आजीला गेवराईला दवाखान्यात नेताना आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा वायपर अर्ध्या काचेवर अडकला. वडिलांनी खिडकीबाहेर डोके काढून, भिजत गाडी नेली. दुसऱ्या दिवशी मी यंत्रणा उघडली.

वायपरची छोटी मोटर गोल फिरते. दंतचक्रे तिचा वेग कमी करून जोर वाढवतात आणि जोडदांडे त्या फिरण्याचे मागेपुढे हलणे करतात. आमची मोटर शाबूत होती. पण पाती बसतात त्या खुंट्यांतले ग्रीस धुळीने घट्ट झाले होते, रबर उन्हाने कडक झाले होते.

तपासणी सोपी आहे. काच ओली करूनच वायपर चालवावा. मोटर गुणगुणते पण पाती हलत नाहीत, असे दिसल्यास लगेच बंद करावा. नाहीतर मोटर जळते. मग बॅटरीची तार काढावी, जोडदांडे सोडवावेत व खुंट्या हाताने फिरवून पाहाव्यात. जड लागल्यास जुने ग्रीस पुसून नवे भरावे. चिरलेले रबर बदलावे.

मृगाआधी शेतकरी तिफण नीट करून ठेवतो. यंदा त्याच दिवसांत मीही वायपर उघडला.