मासळीच्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज का पडतं? डिझेलवरून घरात भांडण होण्याआधी हे तपासा



१ जून ते ३१ जुलै बंदी. बोटी वर ओढल्या की मासळीच्या गाड्याही गॅरेजला लागतात, म्हणून हा विषय आत्ताच घेत आहोत. जेटीवर सारखं कानावर येतं, "गाडी आधी बारा द्यायची, आता नऊवर आली." पुढचं वाक्य मालक मोठ्याने बोलत नाही, पण ड्रायव्हरला ते बरोबर कळतं: मग डिझेल जातं कुठं? आणि आपल्याकडे ड्रायव्हर म्हणजे बहुतेक वेळा घरचाच पोर. पुतण्या, भाचा, नाहीतर मेहुणा. लिटरभर डिझेलवरून काका-पुतण्याचं बोलणं बंद पडलेलं आम्ही पाहिलं आहे. पिकअप शोरूममधून आली तशी कोणी ठेवत नाही. पफचा उंच बॉक्स बसवतो, मागे पाटे वाढवतो, टायर मोठे घालतो. अ‍ॅव्हरेज तिथेच गेलेलं असतं, आणि ते मोजून दाखवता येतं.

आधी मोजमाप नीट करा. मीटरवरचा काटा बघून अंदाज सांगणं सोडा. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर टाकी फुल करायची. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं, वर ठोकून ठोकून भरायचं नाही. किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल करायचं. जितके लिटर बसले तितके खर्च झाले. असं निदान तीन वेळा करून सरासरी काढा. बेळगावच्या फेऱ्या आणि जेटी ते बाजार या जवळच्या फेऱ्या वेगळ्या लिहा, दोन्हींचं अ‍ॅव्हरेज कधीच सारखं येणार नाही.

आता गंमत बघा. टायर बदलला असेल तर मीटरच कमी किलोमीटर दाखवतो. २१५/७५ आर १५ टायरची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर येते. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर ती ७३३ होते. म्हणजे चाक एका फेरीत सव्वाचार टक्के जास्त रस्ता कापतं, पण मीटर जुन्याच हिशेबाने मोजतो. मीटरवर ५४० किलोमीटर आणि डिझेल ६० लिटर, म्हणजे नऊचं अ‍ॅव्हरेज. पण गाडी खरी धावली ५६३. अ‍ॅव्हरेज झालं ९.४. हे अर्धं लिटर-किलोमीटरचं भांडण नुसतं आकड्यांचं होतं! खात्री करायची तर हमरस्त्यावर फोनचं जीपीएस लावून वीस किलोमीटर जा आणि मीटरशी ताडून बघा.

मोठ्या टायरने डिझेल वाचतं असं काही जण सांगतात. सपाट रस्त्यावर इंजिनचे फेरे थोडे कमी होतात हे खरं. पण टायर जड, रुंद, आणि खोल नक्षीचा असेल तर रस्त्याला जास्त धरतो. घाटात एक गिअर खाली उतरावं लागतं, ब्रेकलाही जास्त जोर लागतो. आमचं मत विचाराल तर मासळीच्या गाडीला कंपनीच्या मापाचाच टायर बरा.

सगळ्यात मोठी गोष्ट बॉक्सची. केबिनच्या वर दीड फूट बॉक्स निघाला आणि रुंदी १.७ मीटर धरली, तर वाऱ्याच्या तोंडावर पाऊण चौरस मीटर जास्तीची भिंत उभी राहिली. मोठा कॅरम बोर्ड चौकटीसकट उभा धरून पळवल्यासारखं. होडी चालवणाऱ्याला वाऱ्याचा जोर वेगळा सांगायला नको. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० ला अडथळा १६ धरला तर ६० ला तो ९ भरतो. म्हणून उंच बॉक्सवाल्या गाडीला वेग जास्त महाग पडतो. केबिनच्या टपावर तिरका वारा-अडवा पत्रा, ज्याला डिफ्लेक्टर म्हणतात, तो बसवला तर फरक पडतो, पण पत्र्याची वरची कड बॉक्सच्या कडेला भिडेल अशी हवी. मध्येच बुटका पत्रा ठोकला तर वारा पुन्हा बॉक्सवरच आदळतो. आणि लिलावाला पोचायची घाई असेल तर दहा मिनिटं लवकर निघा, ते स्वस्त पडतं.

वजनाचं काय? रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडा. काट्यावर जास्त आलं तर ते बॉक्स, वाढीव पाटे, लोखंडी बंपर आणि मागे पडलेले जुने दोर-क्रेट यांचं. बॉक्सची आतली फायबर तडकली असेल तर पफ पाणी पितो. अशा बॉक्सचं वजन वाढतं आणि थंडाईही टिकत नाही, मग बर्फ जास्त लागतो, म्हणजे पुन्हा वजन. बंदीत बॉक्स वाळवून तडे भरून घ्या. वाढीव पाट्यांबद्दल एवढंच, की पाटे वाढले म्हणून गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार लिहिलेले आहेत. गाडीच्या रचनेत आरसीशी न जुळणारा बदल कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

पण वजनाचा बाऊही करू नका. बेळगाव समुद्रापासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. एक टन माल तेवढा वर चढवायला इंजिनला साधारण पाऊण लिटर डिझेल लागतं. हिशेबाने दोनशे किलो फुकटचं वजन एका चढणीत दीडशे मिलिलिटर खातं. ते कमी करावंच, पण नवावरून बारावर गाडी त्याने येणार नाही.

आता जो भाग आपल्याच धंद्यात होतो आणि शहरातल्या मेकॅनिकच्या लवकर लक्षात येत नाही. बर्फाचं खारं पाणी. बॉक्सचं भोक बरोबर मागच्या चाकावर असतं, दिवसभर पाणी ड्रमवर ठिबकत राहतं. मीठ बसून हँडब्रेकची केबल आणि ब्रेकची यंत्रणा जाम होते, लायनर ड्रमला घासत राहतो. ब्रेक सोडला तरी गाडी ब्रेक मारतच चालते. ओळखायचं सोपं आहे. दहा किलोमीटर चालवून, ब्रेक फार न दाबता गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, भाजेल. एकच चाक इतरांपेक्षा तापलेलं लागलं तर तिथे डिझेल जळतंय. दुसरी परीक्षा: सपाट जागी रिकामी गाडी न्यूट्रलला दोघांनी ढकलावी. ती जागची हलत नसेल तर ड्रम उघडा. बेअरिंगचं ग्रीसही त्याच वेळी बघून घ्या.

उपाय खर्चाचा नाही. भोकाला पाइप लावून पाणी चाकापासून लांब, खाली कॅनमध्ये घ्या. रस्त्यावर सोडू नका, मागची दुचाकी घसरते आणि शिव्या सगळ्या मच्छीमारांना बसतात. फेरी संपली की गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. रात्री सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ओंडका लावला तर हँडब्रेक ओढायला नको, लायनर चिकटणार नाही.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे दरवाज्याजवळच्या पट्टीवर वेगळे दिलेले असतात. एअर फिल्टर झटका, काळा धूर असेल तर इंजेक्टर दाखवा. लिलाव होईपर्यंत गाडी उगाच चालू ठेवू नका, उभ्या उभ्या तासाला अर्धा लिटर किंवा जास्तही जातं. बीएस ६ गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. नुसत्या जेटी ते बाजार अशा फेऱ्यांनी तो चोंदतो आणि काजळी जाळायला गाडी जादा डिझेल घेते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं सलग हमरस्त्यावर चालवा. फिल्टर काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे. बोटीच्या सवलतीचं डिझेल गाडीत घालणंही तसंच.

डिझेलच्या पाइपला लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, हे विकायला माणसं जेटीवर येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर उपकरणं तपासली, त्यात फार थोड्यांचा काही उपयोग दिसला. ते पैसे ब्रेकच्या लायनरला घाला.

हे सगळं केल्यावर गाडी पुन्हा बारा देईल का? उंच बॉक्स आहे तोवर नाही. पण नवाची साडेदहा-अकरा होणं शक्य आहे. रोज दीडशे किलोमीटर धरले तर नऊने सुमारे १६.७ लिटर लागतात, साडेदहाने १४.३. दिवसाला सुमारे २.४ लिटर.

१ ऑगस्टला पहिल्या फेरीआधी टाकी फुल करून वही सुरू करा. तारीख, मीटर, लिटर, कुठली फेरी, किती क्रेट. मालक आणि ड्रायव्हर दोघांनी सही करावी, म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको. हवा मोजायचा गेज संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे. न्या, पण संध्याकाळपर्यंत परत आणून द्या.