आधी गल्ली पाहा, मग नकाशा काढा

‘लँडस्केप आर्किटेक्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंगल्याभोवतीची हिरवळ, कारंजं आणि ओळीत लावलेली शोभेची झाडं येतात. म्हणजे पैसेवाल्यांची हौस! त्यात ‘पर्यावरण नियोजनकार’ हा शब्द जोडला की तर आपण बायका विषयच सोडून देतो. पण पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठं जातं, सावली कुठं आहे, म्हातारी माणसं कुठं टेकतात, मुलं कुठं खेळतात, हे सगळं बघून गावाची मांडणी करणं म्हणजे हे काम. आणि ते बायकांच्या रोजच्या जगण्याशी इतकं जोडलेलं आहे, की मला वाटतं, या विषयाची खरी जाणकार बाईच.

हे मला पटलं ते पॅट्रिक गेडेस यांच्याबद्दल वाचताना. ब्रिटनमध्ये स्वतःला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणवून घेणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. शिक्षण जीवशास्त्राचं. ऐन पंचविशीत, १८७९ साली मेक्सिकोला गेले असताना डोळ्यांचं दुखणं जडलं. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. डोळे वाचले, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणं संपलं. दुसरा एखादा खचला असता. गेडेस यांनी काचेखालचे जीव सोडले आणि माणसांच्या वस्त्या अभ्यासायला घेतल्या.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं आणि हे जोडपं एडिंबरातल्या चांगल्या वस्तीऐवजी गलिच्छ, दाटीच्या जुन्या भागात राहायला गेलं. चुना लावणं, घरं दुरुस्त करणं, खिडकीत कुंड्या ठेवणं, सगळं शेजाऱ्यांना हाताशी धरून. पुढे त्यांची मुलगी नोरा हिनेही त्याच भागातल्या पडीक जागांवर लहान मुलांसाठी बागा केल्या.

१९१४ साली, साठीच्या उंबरठ्यावर, गेडेस भारतात आले. शहरांविषयीचं त्यांचं मोठं प्रदर्शन बोटीने मागून येत होतं. ती बोट जर्मनांच्या ‘एम्डेन’ युद्धनौकेने बुडवली. आयुष्यभर जमवलेले नकाशे, चित्रं समुद्रात गेली. मित्रांनी मदत केली, नवं साहित्य जमलं आणि प्रदर्शन भरलंच. १९१७ साली तर मोठाच घाव बसला. युद्धात थोरला मुलगा गेला, त्याची तार आली तेव्हा अ‍ॅना आजारी होत्या. गेडेस यांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही. काही आठवड्यांतच अ‍ॅनाही गेल्या. तरी हा माणूस आपल्या देशातल्या गल्ल्याबोळांतून हिंडतच राहिला.

त्यांची पद्धत साधी होती. आधी पायी हिंडायचं, बघायचं, विचारायचं, नकाशा त्यानंतर. त्या काळचे इंजिनिअर दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचे, त्यात शेकडो घरं पडायची. गेडेस म्हणायचे, एखादं मोडकळीला आलेलं घर काढा, तिथं मोकळी जागा ठेवा, झाड लावा, बोळ एकमेकांना जोडा. कमीत कमी कापून रोगी बरा करायचा! जुन्या विहिरी आणि तळी बुजवायला त्यांचा विरोध असे. नळाचं पाणी कधी ना कधी बंद पडणारच, तेव्हा विहीर म्हणजे गावाचा विमाच, असं त्यांचं म्हणणं. डासांची भीती वाटते ना, मग तळ्यात मासे सोडा, बदकं पाळा! अंगणातल्या तुळशीवरही त्यांनी आदराने लिहिलंय. जिथं तुळस टवटवीत, तिथं ऊन आहे, मोकळी जागा आहे आणि त्या घरातल्या बाईचा हात फिरतो आहे, हे या परदेशी माणसाने ओळखलं होतं.

होळकरांच्या इंदूरमधली त्यांची गोष्ट तर प्रत्येक ग्रामपंचायतीत सांगावी अशी. शहरात प्लेग होता. हातात नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या दाढीवाल्या म्हाताऱ्याला बघून लोक घाबरायचे. ‘हाच तो प्लेग आणणारा साहेब’ अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली. तेव्हा त्यांनी दरबाराकडे एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीत मिरवणूक काढायची ठरवली. दवंडी अशी, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही; ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवलेली असतील, त्या रस्त्याने जाईल. मग काय! सगळं शहर कामाला लागलं. घराघरांतून गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती-घोड्यांबरोबर सफाई कामगार होते, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, झाडूला फुलांच्या माळा बांधून. रावणाबरोबर प्लेगच्या उंदराचाही पुतळा जाळला.

आपल्याला हे नवं नाही. तुकोबांची पालखी काटेवाडीहून भवानीनगरमार्गे सणसरला जाते, तेव्हा आदल्या दिवशी आपण काय करतो? दार धुतो, सडा-रांगोळी करतो, समोरची गटारसुद्धा न सांगता साफ करतो. गेडेस यांनी हीच ताकद ओळखली होती. फरक एवढाच, की आपली पालखी पुढे गेली की आपली गटार पुन्हा तुंबते.

पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे गेडेस पहिले प्राध्यापक. मालवणचे गो. स. घुर्ये यांना त्यांनीच निवडून इंग्लंडला शिकायला पाठवलं. घुर्ये पुढे मोठे समाजशास्त्रज्ञ झाले. १९२४ मध्ये गेडेस मुंबई सोडून गेले आणि १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

ज्या मुलींना झाडांची, मातीची आणि चित्रकलेची आवड आहे, त्यांच्या आयांना मुद्दाम सांगते. बारावीला विज्ञान आणि गणित घेऊन ‘नाटा’ ही परीक्षा द्यायची, पाच वर्षांची आर्किटेक्चरची पदवी घ्यायची आणि त्यानंतर लँडस्केप किंवा पर्यावरण या विषयात पदव्युत्तर शिक्षण. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं भानुबेन नानावटी महाविद्यालय खास मुलींचं आहे, आणि तिथं हे विषय शिकवतात. खर्च आहे, वर्षंही जातात, पण काम आपल्याच मातीत आहे.

आणि ते किती आहे ते बघा! नीरा डाव्या कालव्याने आपल्याकडे ऊस आणला, कारखाना आणला, पण जादा पाण्याने कितीतरी जमिनी चोपणही झाल्या. पालखी मार्ग रुंद झाला. तो व्हायलाच हवा होता, उसाच्या ट्रॅक्टरांमागून जीव मुठीत धरून जावं लागायचं. पण रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. आषाढात वारकरी मायबहिणी उन्हात टेकायला सावली शोधतात, तेव्हा ती उणीव जाणवते.

आमच्या जवळच्या एका वस्तीत जुनी दगडी विहीर आहे. नळ आल्यापासून तिच्यात निर्माल्य आणि प्लॅस्टिक पडतं. ती बुजवून वर पेव्हिंग ब्लॉक टाकायचं घाटतंय. ‘घाण गेली, जागा झाली,’ असा हिशोब. टँकरमागे हंडे घेऊन पळालेल्या बायकांना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. मंडळाच्या आम्ही काही जणी घरोघर फिरलो. कोणत्या उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी होतं, हे म्हाताऱ्या बायकांनी वर्षासकट सांगितलं. ते सगळं वहीत उतरवलं आणि अर्ज दिला. गाळ काढा, वर जाळी बसवा, गप्पी मासे सोडा, कडेने कडुनिंब लावा. खर्च बुजवण्यापेक्षा फार नाही.

निर्णय अजून झालेला नाही. विषय पुढच्या ग्रामसभेत येईल, आणि आम्ही वही घेऊन जाणार आहोत. तुमच्याही गावात ग्रामसभा होतेच ना? त्याआधी चौघीजणी मिळून गावातून एक फेरी मारा. विहिरी मोजा, सावल्या मोजा, तुंबलेल्या गटारी मोजा, आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. एकदा विहीर बुजवली, की मग अर्ज करून काय उपयोग?