दुर्बिणीच्या संगणकाची कार्यप्रणाली बदलताना

दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा आणि कळ दाबायची, की आकाशाचे छायाचित्र मिळाले, अशी पुष्कळांची समजूत असते. चंद्राच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. पण देवयानी दीर्घिका किंवा मृगातला तेजोमेघ यांचा प्रकाश इतका क्षीण असतो, की दोन-तीन मिनिटांची अनेक छायाचित्रे घेऊन ती नंतर एकमेकांत मिळवावी लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी थांबत नाही. दर सेकंदाला ती १५ विकलांनी फिरते, म्हणजे चार मिनिटांत आकाश एक अंशाने सरकते. या गतीच्या उलट दुर्बीण फिरवणारी मोटर, कॅमेरा, नेमकेपणा राखणारा छोटा मार्गदर्शक कॅमेरा आणि छायाचित्रांची साठवण, या साऱ्यांचा मेळ घालणारा कारभारी म्हणजे संगणक. आणि त्या संगणकाचा कारभार जिच्या हाती असतो ती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार संपला. त्यापुढे काही अटींवर सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मर्यादित मुदतवाढ मिळाली, तरी जुन्या संगणकाचे काय करायचे, हा प्रश्न अनेक शाळांपुढे उभा राहिला. कार्यालयाच्या संगणकाबाबत उत्तर सोपे आहे. दुर्बिणीला जोडलेल्या संगणकाबाबत मात्र थोडा विचार करावा लागतो. तो कसा करावा, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आपण उदाहरणादाखल घेऊ. दोन्ही पर्जन्यछायेत आहेत आणि पुण्याच्या उजेडापासून दूर आहेत. गावातले दिवे मागे टाकून उजनीच्या फुगवट्याकडे गेले, की हिवाळ्यात निरीक्षणाला चांगल्या रात्री मिळतात.

बोलके दोष आणि मुके दोष

कार्यप्रणाली बदलली, की तीन-चार गोष्टी हमखास बदलतात. पहिली म्हणजे ड्रायव्हर. कॅमेरा आणि कार्यप्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी ही आज्ञावली असते. 'विंडोज १०' ही ३२ बिटी आणि ६४ बिटी अशा दोन्ही रूपांत मिळत असे; 'विंडोज ११' फक्त ६४ बिटी आहे. ज्या जुन्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर ३२ बिटीच आहे, तो कॅमेरा नव्या प्रणालीवर चालणार नाही, मग तो कितीही सुस्थितीत असो.

दुसरी गोष्ट जोडणीच्या क्रमांकाची. दुर्बिणीची मोटर पुष्कळदा नऊ टाचण्यांच्या जुन्या जोडातून, यूएसबीच्या रूपांतरकामार्फत जोडलेली असते. काल ती 'कॉम ३' म्हणून ओळखली जात असेल, तर नव्या प्रणालीत ती 'कॉम ५' होऊ शकते. तिसरी गोष्ट वीजबचतीची. नवी प्रणाली आपल्या मूळ मांडणीनुसार काही मिनिटांनी संगणकाला झोपवते, यूएसबीचा पुरवठा तोडते, आणि कधी दुरुस्त्या बसवून स्वतःच पुन्हा सुरू होते. दिवसा हे सोयीचे असते. रात्री दोन वाजता नसते.

हे सारे दोष त्रासदायक असले तरी बोलके आहेत. कॅमेरा सापडत नाही, मोटर हलत नाही, पडदा काळा होतो. दोष स्वतःच ओरडून सांगतो, आणि मग तो दुरुस्त करता येतो. खरी काळजी करायची ती मुक्या दोषांची. सर्व काही सुरळीत चालले आहे असे दिसते, छायाचित्रेही सुंदर येतात, पण त्यांतली मापे चुकीची असतात. अशा दोषांत पहिला क्रमांक घड्याळाचा लागतो.

साडेपाच तासांची गोष्ट

संगणकाच्या आत एक लहानसे घड्याळ असते. संगणक बंद असतानाही ते बॅटरीवर चालते. 'विंडोज' त्यात स्थानिक, म्हणजे आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ लिहिते. 'लिनक्स' मात्र त्यात जागतिक वेळ आहे असे गृहीत धरते. एकाच संगणकावर या दोन्ही प्रणाली बसवल्या, तर एकीने लिहिलेली वेळ दुसरी वेगळ्या अर्थाने वाचते, आणि घड्याळ साडेपाच तासांनी पुढे किंवा मागे जाते. इंटरनेट असेल तर चूक आपोआप सुधारते. पण शेताच्या बांधावर दुर्बीण मांडली असेल आणि तिथे इंटरनेट नसेल, तर ती तशीच राहते.

साडेपाच तासांत आकाश किती सरकते? ताशी १५ अंश धरले तर ८२.५ अंश. हा आकडा ओळखीचा वाटला ना? भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते ८२.५ अंश पूर्व. हा योगायोग नाही. रेखांशाला १५ ने भागून तास काढायचे, याच नियमाने आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.

याहून फसवा प्रकार आहे तो कालविभागाचा. नवी प्रणाली बसवताना कालविभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेला, असे समजा. पडद्यावरची वेळ चुकलेली दिसते म्हणून कोणी नुसते आकडे बदलून ती बरोबर करतो. आता घड्याळ बरोबर दिसते, पण त्यावरून संगणक जी जागतिक वेळ काढतो ती हिवाळ्यात साडेतेरा तासांनी चुकलेली असते. छायाचित्राच्या फाइलमध्ये, विशेषतः शास्त्रज्ञ १९८१ पासून वापरत असलेल्या 'फिट्स' या प्रकारच्या फाइलमध्ये, हीच जागतिक वेळ नोंदली जाते.

यावर कोणी म्हणेल, 'वेळ चुकली तर दुर्बीण भलतीकडेच वळेल, आणि चूक लगेच कळेल.' पूर्वी तसे होत असे. आता बहुतेक ठिकाणी संगणक घेतलेले छायाचित्र ताऱ्यांच्या सूचीशी ताडून पाहतो आणि दुर्बीण नेमकी कोठे रोखली आहे हे ओळखून ती सरळ करतो. सोय मोठी आहे. पण तिच्यामुळे घड्याळाची चूक झाकली जाते. वस्तू चौकटीच्या मध्यभागी येते आणि नोंदलेली वेळ मात्र चुकीची राहते.

नुसते शोभेचे चित्र हवे असेल तर याने फारसे बिघडत नाही. मापन करायचे असेल तर सारेच बिघडते. ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो. त्याची प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते, आणि उतरणे-चढणे मिळून सुमारे दहा तास लागतात. विद्यार्थ्यांना करण्याजोगे हे उत्तम निरीक्षण आहे. पण घड्याळ साडेपाच तासांनी चुकले, तर त्यातून काढलेल्या किमान तेजाच्या वेळेला काही अर्थ उरत नाही.

बारामती की इंदापूर?

वेळेच्या जोडीला स्थळही तपासावे लागते. बारामतीचे रेखांश सुमारे ७४.५८ अंश पूर्व, तर इंदापूरचे सुमारे ७५.०२ अंश. फरक ०.४४ अंशांचा, म्हणजे वेळेत पावणेदोन मिनिटांचा. संगणकात बारामती नोंदलेली असताना दुर्बीण इंदापुरात मांडली, तर सुरुवातीचा नेम ०.४४ अंशाने चुकेल. चंद्रबिंबाचा व्यास सुमारे अर्धा अंश असतो, हे लक्षात घेतले की या चुकीची कल्पना येईल. दुर्बिणीचे नाभीय अंतर १००० मिलिमीटर आणि कॅमेऱ्याच्या संवेदकाची रुंदी ४.८ मिलिमीटर असेल, तर चौकटीत जेमतेम ०.२८ अंश आकाश मावते. ग्रह त्या चौकटीत येणारच नाही. नव्या प्रणालीत स्थळाची नोंद कोरी राहिली असेल, तर चूक याच्या कितीतरी पट मोठी असते.

तिसरा मुका दोष कॅमेऱ्याच्या मांडणीत असतो. प्रकाशाच्या पायऱ्या १६ बिटी नोंदीत ६५,५३६ असतात, तर ८ बिटी नोंदीत अवघ्या २५६. आज्ञावली नव्याने बसवली की ती आपल्या मूळ मांडणीवर जाते, आणि ती ८ बिटी असू शकते. पडद्यावर दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. अंधूक ताऱ्याचे तेज मोजायला बसल्यावर मात्र फरक कळतो, आणि तोवर रात्र निघून गेलेली असते.

परतीची वाट

मोठ्या वेधशाळाही आपली यंत्रणा बदलतात. त्या हे काम कसे करतात, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आहे. तिचे नूतनीकरण झाले तेव्हा एका वेळी घेता येणाऱ्या लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढवला गेला. हे काम चालू असताना जुनी यंत्रणा शक्य तितकी चालू ठेवण्यात आली होती. हबल दुर्बिणीचा मुख्य संगणक डिसेंबर १९९९ मध्ये अंतराळवीरांनी बदलून '४८६' जातीचा बसवला. त्याआधी ऑक्टोबर १९९८ मध्ये तसा संगणक अंतराळयानातून नेऊन अवकाशात तपासून पाहिला होता. आधी चाचणी, आणि जुने हाताशी, ही दोन सूत्रे शाळेच्या दुर्बिणीलाही लागू पडतात.

त्यांचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपयोग असा. जुन्या डिस्कवर नवी प्रणाली चढवू नये. संगणक उघडून जुनी डिस्क काढावी, तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवावी, आणि नवी प्रणाली नव्या डिस्कवर बसवावी. काही बिघडलेच, तर अर्ध्या तासात जुनी व्यवस्था पुन्हा उभी राहते. त्याआधी जुन्या प्रणालीतील सर्व मांडणी, म्हणजे जोडणीचे क्रमांक, अक्षांश-रेखांश, कॅमेऱ्याची बिटसंख्या व लाभांक, वहीत उतरवून घ्यावी. बसवण्याचे काम चालू असताना वीज गेली तर प्रणाली अर्धवट राहते, म्हणून यूपीएस जोडलेला असावा.

कोणती प्रणाली घ्यावी? 'विंडोज ११' साठी ठरावीक यादीतला प्रोसेसर, ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सोय लागते. शाळेच्या जुन्या संगणकात यातले एखादे नसेल, तर तो टाकून देण्याची गरज नाही. 'लिनक्स' आणि तिच्यावर चालणारी 'इंडी' व 'केस्टार्स' ही मोफत साधने पुष्कळ कॅमेरे व मोटरी चालवू शकतात. आपली उपकरणे त्यांच्या यादीत आहेत का, एवढे आधी पाहावे. तिसरा मार्ग म्हणजे जुनी प्रणाली तशीच ठेवून तो संगणक इंटरनेटपासून कायमचा तोडणे. हा मार्गही योग्य आहे. मात्र अशा संगणकाला कोणाचाही पेनड्राइव्ह लावू देता कामा नये, आणि त्याचे घड्याळ दर रात्री हाताने लावले पाहिजे. संगणकातले साधे घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद सहज चुकते.

हे काम कधी करावे, याचे उत्तर पाऊसच देतो. जूनमध्ये प्रणाली बदलावी, जुलै-ऑगस्टमध्ये वर्गात तपासण्या कराव्यात, आणि ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळे झाल्यावर प्रत्यक्ष निरीक्षणाला लागावे. निरीक्षणाच्या हंगामात, आणि विशेषतः एखाद्या ठरलेल्या घटनेच्या आदल्या आठवड्यात, प्रणालीला हात लावू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला काही संध्याकाळीच दिसला. तो परत आलाच, तर हजारो वर्षांनी येईल. त्या संध्याकाळी ड्रायव्हर शोधत बसलेल्याला दुसरी संधी नाही.

वर्गात करण्याच्या तपासण्या

नव्या प्रणालीची परीक्षा विद्यार्थ्यांकडून करून घेता येते. तिच्यासाठी पुढील चार कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली, दुर्बिणीचे झाकण लावून बदलापूर्वी दहा आणि बदलानंतर दहा काळी छायाचित्रे घ्यावीत. वेळ, लाभांक व तापमान शक्य तितके सारखे ठेवावे. दोन्ही संचांतील सरासरी आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. न आल्यास कॅमेऱ्याची मांडणी बदलली आहे असे समजावे.

दुसरी, आकाशाच्या नकाशाच्या आज्ञावलीत ध्रुवताऱ्याची उंची पाहावी. बारामती व इंदापूर दोन्ही सुमारे १८.१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ती १८ अंशांच्या आसपास, फार तर पाऊण अंश वर-खाली, असावी.

तिसरी, एक छायाचित्र घ्यावे, त्याच क्षणी मोबाइलवरची वेळ वहीत लिहावी, आणि फाइलमध्ये नोंदलेली जागतिक वेळ वाचावी. दोहोंत नेमका साडेपाच तासांचा फरक हवा.

चौथी सर्वांत रंजक आहे. २५ डिसेंबरच्या सुमारास सूर्याचे घड्याळ आणि आपले घड्याळ यांतला 'कालसमीकरणा'चा फरक जवळजवळ शून्य असतो. त्या दिवशी उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली बारामतीत सुमारे १२ वाजून ३२ मिनिटांनी आणि इंदापुरात सुमारे १२ वाजून ३० मिनिटांनी पडते. ही वेळ आधी काठीवरून मोजावी आणि मग आज्ञावलीला सूर्याच्या मध्यान्हाची वेळ विचारावी. दोन्ही जुळल्या, तर संगणकातली वेळ, कालविभाग आणि रेखांश, तिन्ही एकदम तपासले गेले.

या शेवटच्या कसोटीला ना इंटरनेट लागते, ना नवा संगणक. कार्यप्रणाली दर काही वर्षांनी बदलत राहणार आणि प्रत्येक वेळी ती आपल्याला सर्व काही ठीक असल्याचे सांगणार. ते खरे आहे की नाही, हे विचारण्याची जागा मात्र पडद्याबाहेर आहे. उपकरणाची परीक्षा त्याच्याच शब्दावर घ्यायची नसते, एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी काठीच्या सावलीवरून स्वतः पडताळून पाहिली, तरी प्रणाली बदलण्याचा खटाटोप सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.