सीताफळ आणि जवळचा बाजार

बालाघाटच्या ज्या खडकाळ उतारावर ज्वारीही नीट उभी राहत नाहीं, तेथें सीताफळाचें झाड कोणी न लावतां वाढतें. बीड जिल्ह्याच्या या फळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु मानांकनानें करंडी विकली जात नाहीं. आणि या फळाच्या विक्रींत खरी अडचण दलालाची नसून दिवसांची आहे.

डोळे उघडून खांचांत पिवळट छटा आली, म्हणजे फळ तोडावयाचें. तेव्हां तें दगडासारखें टणक असतें. पण तीन-चार दिवसांत असें मऊ पडतें कीं, वरच्या थराच्या भारानें खालचा फुटतो. फार थंडींत ठेवावें तर साल काळी पडते. असा माल चार हात बदलून दूर जाणें किती धोक्याचें, हें आम्ही एका हंगामांत स्वतःच शिकलों. वीस करंड्या पुण्यास धाडल्या. मालमोटार रात्रभर वाटेंत अडकली. पट्टींत भाडें, हमाली व खराबा वजा जातां तोडणीची मजुरीही सुटली नाहीं. मागें ठेवलेल्या दोन करंड्या मात्र घरच्या मंडळींनीं सडकेच्या कडेस बसून सांजेपर्यंत रोखीनें विकल्या.

कायद्याची आडकाठी आतां नाहीं. जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांचे बाजार आवाराबाहेरील व्यवहार नियमनमुक्त केले. त्याच वर्षीं संत सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडी बाजारांची योजना निघाली. तीत शेतकऱ्यांचे गट आपला माल थेट गिऱ्हाइकास विकतात. मळ्यांतच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या माळ्याचें नांव येथें शोभतें खरें.

तथापि जवळचा बाजार सर्व माल पोटांत घेईल, असें आमचें म्हणणें नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास झाडें एकदम फळतात, आणि बीड, धारूर, अंबाजोगाई येथें खाणारीं तोंडें मोजकींच. म्हणून त्याच दिवशीं तोडलेलें टणक फळ तेवढें दूर जावें, पिकावर आलेलें जवळ विकावें, आणि मऊ पडलेल्याचा गर काढावा. हा गर तापविला तर कडवट होतो, सबब तो गोठवावा लागतो. त्यास यंत्र व वीज हवी. तें एकट्याचें काम नव्हे; दोन-तीन गांवांनीं मिळून तें अंगावर घेतलें पाहिजे.

तोंवर एवढें तरी ज्याला त्याला करतां येईल: बाजाराचा वार पाहून तोडणी धरावी. बाजार मंगळवारीं असेल, तर फळ शनिवारीं उतरावें.