रंगाची साक्ष ग्राह्य नाही

ग्वाल्हेरच्या दुर्गाच्या पायथ्याशी, किला गेटच्या आसपास, पाऊस ओसरू लागला म्हणजे पडक्या भिंती आणि काटेरी कुंपणे ज्या निळ्या-जांभळ्या कर्ण्यांनी भरून जातात, त्या सर्वांस ‘मॉर्निंग ग्लोरी’ हे एकच नाव बहाल करून पुढे चालू लागण्याची सुशिक्षितांची जुनी वहिवाट आहे. आणि ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही, ते निळी ती एक जात व जांभळी ती दुसरी, असा निवाडा रंगावरून देऊन मोकळे होतात.

वस्तुस्थिती अशी की या कुलात रंगासारखा बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. काळादाण्याची, म्हणजे आयपोमिया निलची, कळी जांभळट असते; ती उमलताना पाकळीतील पेशीरसाची आम्लता उतरते आणि तेच रंगद्रव्य निळे दिसू लागते; आणि ऊन चढून फूल मिटू लागले की ते पुन्हा गुलाबीकडे झुकते. दिवसभरात इतक्या वेळा जबानी फिरविणाऱ्याच्या शब्दावर कोणता मुन्सफ निकाल देईल?

म्हणून फूल उलटे करून त्याच्या बुडाशी असलेली हिरवी संदले पाहावीत. काळादाण्याची संदले लांब, टोकाकडे सुतासारखी निमुळती होत गेलेली आणि बुडाशी दाट केसाळ असतात. त्याच्याशी हटकून घोटाळा होणाऱ्या आयपोमिया परप्युरियाची संदले आखूड व रुंद असून त्यांना अशी लांब शेपटी नसते. पानांचा दाखला याच्या खालोखाल. काळादाण्याचे पान बहुधा त्रिखंडी आणि परप्युरियाचे बहुधा अखंड, हृदयाकृती. परंतु परप्युरियालाही प्रसंगी त्रिखंडी पाने येतात, तेव्हा ‘बहुधा’ हा शब्द विसरू नये. पान पंजासारखे देठापर्यंत पाच भागांत चिरलेले असेल, तर मात्र शंकेस जागा नाही: ती रेल्वे क्रीपर, आयपोमिया कैरिका. पान पिसासारखे बारीक चिरलेले आणि फूल लालभडक असेल, तर ती आपली गणेशवेल. ‘आपली’ म्हणायचे एवढेच, मूळची ती अमेरिकेतील.

नाल्याकाठचा बेशरम हाही असाच परदेशी पाहुणा. त्याचे फिकट गुलाबी फूल पाहून लोक त्यालाही वेलींत गणतात, पण तो सरळ उभा वाढणारे झुडूप आहे. जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत म्हणून तो कुंपणाला निर्धोक, हा समजही अर्धाच खरा. चाऱ्याच्या टंचाईत शेळ्या तो खाऊ लागल्या, तर त्यातील स्वेन्सोनिन या विषाने मज्जासंस्था बिघडून त्यांचा शरीरावरील ताबा सुटतो.

गव्हाच्या शेतांत शिरणारी हरिणपदी, जिला इकडे हिरनखुरी म्हणतात, ती या वेलींचेच बुटके रूप नव्हे. तिची प्रजातीच निराळी, कॉन्व्हॉल्व्ह्युलस. फुलाच्या कर्ण्यात डोकावून मधल्या दांडीचे टोक पाहावे: आयपोमियाचे गोल गाठीसारखे, हरिणपदीचे दोन बारीक फाट्यांचे.

खरा गोंधळ आहे तो शंखपुष्पीचा, आणि तो केवळ वनस्पतिशास्त्र्यांचा नव्हे. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधिकोशात शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलसची जमिनीलगत पसरणारी, पांढुरक्या-गुलाबी फुलांची जाती मान्य आहे. पण बाजारात त्याच नावाखाली निळ्या, इवल्या फुलांची विष्णुक्रांताही मिळते, आणि कित्येक ठिकाणी गोकर्णही, जी या कुलातली नसून वाटाण्याच्या कुलातली आहे. विष्णुक्रांतेच्या फुलात दोन दांड्या असून प्रत्येकीचे टोक पुन्हा दुभंगलेले असते. गोकर्णाला तर शेंगच धरते. परंतु फुले-शेंगा झडलेल्या वाळक्या जुडीत यांतले काहीच उरत नाही, आणि जुडी आमच्या हाती येते ती बहुधा तशीच. म्हणून शंखपुष्पी घ्यायची, तर ती फुलांसकट ओळखून काढलेली घ्यावी.