मधली पायरी

१७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगड तळावरून सरावासाठी उडालेले मिग-२१ विमान काही क्षणांतच कोसळले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ त्यात मृत्युमुखी पडले. चौकशीचा निष्कर्ष निघाला, वैमानिकाला भ्रम झाला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो मानला नाही. मिगच्या सुरक्षिततेवर त्या पुढे जाहीरपणे बोलत राहिल्या.

हा भ्रम खरा असतो, हे आधी सांगायला हवे. रात्री क्षितिज दिसत नाही. जेट जोराने वेग घेते, तेव्हा वैमानिक पाठीमागे दाबला जातो. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हा दाब आणि विमानाचे नाक वर उचलले जाणे, यांतला फरक कळत नाही. आपण फारच चढतो आहोत असे वाटून वैमानिक नाक खाली दाबतो, आणि जमीन तर अजून जवळच असते. अशा वेळी शरीराचे न ऐकता समोरच्या तबकड्यांवर विसंबायचे असते. ही सवय पुस्तकातून येत नाही, उड्डाणांतूनच मुरते.

सुरतगडला नेमके काय झाले याचा निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. पण 'वैमानिकाची चूक' या शब्दांपाशी चौकशी थांबली, की त्याला तयार कसे केले होते हा प्रश्न मागे पडतो. त्या काळी नवशिके किरणसारख्या संथ जेटवरून थेट मिग-२१ वर जात. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाचे, आणि उतरतानाही ताशी सुमारे ३४० किलोमीटर धावणारे! मधली पायरीच नव्हती. ती हवी, म्हणजे प्रगत प्रशिक्षण जेट घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच केली होती.

तरी खरेदी रेंगाळली. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मेले. यात सर्व जातींची मिग येतात आणि कारणेही अनेक आहेत. सगळा दोष प्रशिक्षणावर टाकणे मला पटत नाही.

६६ हॉक विमानांचा करार मार्च २००४ मध्ये झाला. ती बिदरच्या तळावर औपचारिकरीत्या दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. सुरतगडच्या त्या रात्रीला तेव्हा सहा वर्षे उलटून गेली होती.