तीन आणे की पंधरा आणे?

एखादी गोष्ट ‘सोळा आणे खरी’ असे आपण आजही म्हणतो. आणा चलनातून गेला तो १९५७ साली. त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले आणि रुपयाचे सोळाऐवजी शंभर भाग झाले. पण जिभेवरून आणा उतरला नाही. गंमत अशी, की गरिबीवर आपल्या लोकसभेत जी सर्वांत गाजलेली चर्चा झाली ती आण्यांतच झाली, आणि आणा रद्द होऊन तेव्हा सहा वर्षे उलटली होती.

वर्ष होते १९६३. चीनच्या युद्धातील पराभवाची जखम ताजी होती. त्या वर्षी पोटनिवडणुकांतून तीन विरोधक लोकसभेत आले. अमरोह्यातून आचार्य कृपलानी, राजकोटमधून मिनू मसानी आणि उत्तर प्रदेशातील फरुखाबादमधून डॉ. राममनोहर लोहिया. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. लोकसभेच्या इतिहासातला हा पहिलाच अविश्वास ठराव. तो मंजूर होणार नाही हे मांडणाऱ्यालाही ठाऊक होते, आणि झालेही तसेच. बाजूने ६२ मते, विरोधात ३४७. मतांचा हिशोब एवढ्यावर संपला. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या एका हिशोबाबद्दल, जो त्या चर्चेत सुरू झाला.

नवखे खासदार लोहिया बोलायला उभे राहिले आणि हिंदीतून त्यांनी सांगितले, की या देशातली सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, आणि पंतप्रधानांवर मात्र रोज पंचवीस-तीस हजार रुपये खर्च होतात. पंतप्रधान नेहरूंनी हे खोडून काढले. तीन नव्हे, पंधरा आणे, असे त्यांचे म्हणणे होते. आता पंतप्रधान खोटे बोलत होते का? मुळीच नाही. देशाचे एकूण उत्पन्न घ्यावे, त्याला लोकसंख्येने भागावे, मग वर्षाच्या दिवसांनी भागावे, की उत्तर पंधरा आण्यांच्या आसपासच येत होते. पंधरा आणे रोज म्हणजे वर्षाला तीनशे चाळीस-बेचाळीस रुपये. त्या काळचे दरडोई उत्पन्न साधारण तेवढेच होते.

मग भांडण कशाचे? भांडण सरासरीचे.

समजा, एका आळीत दहा घरे आहेत. नऊ घरांची रोजची मिळकत दहा-दहा रुपये आणि कोपऱ्यावरच्या माडीवाल्याची नऊशे दहा. सगळे मिळून हजार झाले. दहांनी भागले, घरटी शंभर रुपये. हिशोबात चूक काढून दाखवा! पण शंभर रुपये मिळवणारे घर त्या आळीत एकही नाही. पुढच्या वर्षी माडीवाल्याची मिळकत दुप्पट झाली आणि बाकीची नऊ घरे होती तिथेच राहिली, तर सरासरी एकशे एक्क्याण्णव होईल. कागदावर आळीची भरभराट झाली. नऊ चुलींवर शिजणारे तेवढेच राहिले. १९६१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ४४ कोटी होती. लोहिया ज्या सत्तावीस कोटींबद्दल बोलत होते, ते म्हणजे खालचे साठ टक्के. नेहरूंनी उत्तर दिले ते सगळ्या शंभर टक्क्यांचे.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे मला आकड्याइतकाच शब्दही थांबवतो. ‘दरडोई उत्पन्न’ या शब्दात डोई आहे, पण ती कुणाची ते कळत नाही. ‘तीन आणे’ म्हटल्यावर मात्र शेतमजूर बाईलाही स्वतःचा पदर सोडून पाहता येते, की गाठीला किती आहेत. लोहियांचे संख्याशास्त्र बाजूला ठेवले तरी हे श्रेय त्यांना द्यावेच लागते. ज्यांची मोजणी चालली होती, त्यांना समजेल अशा मापात त्यांनी राष्ट्रीय उत्पन्न सभागृहात आणले. सभागृहात लोकभाषाच बोलावी हा त्यांचा आग्रह कित्येकांना हट्ट वाटे. या प्रसंगापुरता तरी मला तो हट्ट वाटत नाही.

वाद तिथेच मिटला नाही. सप्टेंबरमध्ये लोकसभेत या विषयावर पुन्हा चर्चा झाली. सरकारच्या बाजूने गुलझारीलाल नंदा यांनी या खालच्या थरासाठी साडेसात आण्यांचा आकडा दिला. म्हणजे तीन नाही हे सिद्ध करायला निघालेले सरकार पंधरावरून निम्म्यावर आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, नियोजन आयोगाच्या एका कार्यगटाने माणसाला जगायला किमान किती लागते ते ठरवले होते. १९६०-६१ च्या किमतींनुसार महिना वीस रुपये. तेही आरोग्य आणि शिक्षण सरकार पाहील असे धरून. आण्यांत मोडले तर रोजचे साडेदहा आण्यांहून थोडे अधिक. सरकारने कबूल केलेले साडेसात आणे सरकारच्याच किमान गरजेच्या खाली होते!

लोहिया बरोबर होते का? माझ्या मते तीन आण्यांचा आकडा फार खालचा होता, प्रश्न मात्र अगदी नेमका होता. याचा पडताळा पुढे पुण्यात झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,२५० उष्मांक पोटात जातील एवढा खर्च त्यांनी धरला. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात तो महिना पंधरा रुपये, म्हणजे रोजचे आठ आणे, आणि शहरात साडेबावीस रुपये होता. एवढेही ज्यांना जमत नाही असे लोक खेड्यांत सुमारे चाळीस टक्के आणि शहरांत निम्मे निघाले. साठ टक्के नव्हेत, तीन आणेही नव्हेत. पण पंधरा आण्यांच्या सरासरीत ही माणसे दिसत नव्हती, हे नक्की झाले. गावातल्या गरिबीवर उपाय म्हणून दांडेकर-रथांनी सार्वजनिक कामांवर भर दिला. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी आकार घेत होतीच. १९७२ च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नालाबांध ही त्यातली कामे. मजुरीही मिळावी आणि मातीही अडावी, अशी ती दुहेरी सोय होती.

लोहियांचे आणखी एक म्हणणे मला याच हिशोबाचा भाग वाटते. भारतीय बाईचा प्रश्न नळाचा आणि संडासाचा आहे, असे ते सांगत. चुलीच्या धुराबद्दल त्यांनी लिहिले, तो बाहेर जायला धुराडे हवे म्हणून सांगितले. १९५८ मध्ये बनारसच्या भाषणात त्यांनी नद्या स्वच्छ करण्याची मागणी केली. जल प्रदूषणाचा कायदा आपल्याकडे आला १९७४ मध्ये, आणि गंगा कृती योजना त्याच बनारसमध्ये सुरू झाली १९८६ मध्ये. विहिरीवर गेलेले दोन तास, सरपणासाठीची पायपीट, धुराने चुरचुरणारे डोळे यांची राष्ट्रीय उत्पन्नात नोंद होत नाही. पंधरा आण्यांतही ते नव्हते आणि तीन आण्यांतही नव्हते. पर्यावरण हा शब्द तेव्हा राजकारणात रुळलेला नव्हता. लोहिया पाणी, धूर आणि नदी हे शब्द वापरत होते.

पुढे हीच चर्चा वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिली. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. खेड्यात रोज २६ रुपये आणि शहरात ३२ रुपये खर्च करणारा दारिद्र्यरेषेच्या वर धरला गेला, आणि देशभर गदारोळ झाला. २०१४ मध्ये रंगराजन समितीने ते आकडे ३२ आणि ४७ केले. मग आयोगच गेला. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्रामीण माणसाचा सरासरी मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला, म्हणजे रोजचे सुमारे १२६ रुपये. त्याच पाहणीत सर्वांत खालच्या पाच टक्के ग्रामीण लोकांचा आकडा १,३७३ रुपये आहे. रोजचे सुमारे ४६. मथळ्यात पहिला आकडा येतो. दुसरा शोधावा लागतो.

तो शोधता येतो, कारण तो छापला आहे. २०१७-१८ च्या अशाच पाहणीचा अहवाल, माहितीच्या दर्जाबद्दल शंका आहे असे कारण देऊन, सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. १९६३ मध्ये निदान दोन्ही बाजूंच्या हाती वाद घालण्यापुरते तरी आकडे होते. खासदाराने कितीही पोटतिडकीने प्रश्न विचारला, तरी उत्तरात घालायला मोजदाद झालेली असावी लागते. २०२१ ची जनगणना लांबली आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला. दरम्यान अन्नसुरक्षा कायद्याखाली कोणत्या राज्यात किती जणांना स्वस्त धान्य मिळावे, याचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेला राहिला. जिथे तो कोटा भरला, तिथे रेशनच्या यादीत नवे नाव चढवायचे तर आधी जुने कुठले तरी निघावे लागते.